गोल्फ बॉलची तुलना कशी करावी: आधी स्पिन, मग फील, शेवटी अंतर

गोल्फ बॉलच्या खोक्यावर ‘सॉफ्ट’, ‘लाँग’ आणि ‘स्पिन’ (बॉलचं स्वतःभोवती फिरणं) हे तीन शब्द जवळजवळ प्रत्येक कंपनी छापते. घेणारा बहुतेक वेळा ‘लाँग’ वाचून पैसे मोजतो. मग कोल्हापूरहून पुण्याला येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवर किंवा बावधनकडच्या ऑक्सफर्ड कोर्सवर खेळायला गेलं, की ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याची काठी; अशा काठीला क्लब म्हणतात) मनासारखा बसतो, पण ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) नेमका टाकलेला बॉल पलीकडच्या उतारावरून घरंगळत जातो. तिथून चिप (ग्रीनजवळचा छोटा उचललेला फटका), दोन पट (ग्रीनवरचे सरपटते फटके) आणि एक स्ट्रोक वाया.

माझं मत ठाम आहे. बॉलची तुलना होलच्या बाजूने मागे यावी. आधी पटर (पट मारायचा क्लब), मग चिप आणि पिच (चिपपेक्षा थोडा लांब फटका), मग आयर्न (मधल्या अंतरांचा क्लब) आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर. ७२ पारच्या (पार म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या) नेहमीच्या कोर्सवर चार होल पार तीनचे असतात, म्हणजे ड्रायव्हर फार तर १४ वेळा हातात येतो. शिवाय नियमात बसणारा बॉल किती लांब जाऊ शकतो यावर नियमांचीच मर्यादा आहे, त्यामुळे चांगल्या बॉलमधला अंतराचा फरक थोडाच उरतो. ग्रीनच्या आसपास मात्र दोन बॉलमध्ये मिनिटाला काही हजार फेऱ्यांचा फरक पडू शकतो, आणि तो उघड्या डोळ्यांना दिसतो. तो पाहायला महागडा लॉन्च मॉनिटर (बॉलचा वेग आणि स्पिन मोजणारं यंत्र) लागत नाही. एक मोकळा माळ, दोन बांबू, सुतळी, वही आणि वही धरणारा एक धीराचा मित्र एवढ्यावर काम भागतं.

आत काय असतं, थोडक्यात

हल्लीच्या बॉलमध्ये मधोमध रबराचा भरीव गाभा असतो. साध्या बॉलमध्ये त्यावर थेट कव्हर येतं, त्याला टू-पीस म्हणतात. महागड्या बॉलमध्ये गाभा आणि कव्हर यांच्यामध्ये एक किंवा जास्त थर असतात. टेलरमेडच्या टीपी५ मध्ये एकूण पाच थर आहेत. २००० साली टायटलिस्टचा प्रो व्ही१ आला, तोपर्यंत व्यावसायिक खेळाडूंमध्ये गाभ्याभोवती रबरी धागा गुंडाळलेले बॉल चालायचे. त्यानंतर काही वर्षांत ते जवळपास हद्दपार झाले.

तुलनेसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. पहिली म्हणजे कव्हर. ते आयोनोमरचं असतं (सर्लिन हे त्यातलं जुनं, ओळखीचं नाव) किंवा युरेथेनचं. आयोनोमर चिवट, स्वस्त आणि वेजच्या (छोट्या उंच फटक्यांच्या क्लबच्या) खाचांवरून घसरणारं. युरेथेन मऊ, महाग आणि खाचांना धरून राहणारं. दुसरी म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे बॉल किती दबतो त्याचा आकडा. कॅलवेचा सुपरसॉफ्ट चाळिशीच्या आसपास येतो, प्रो व्ही१ नव्वदीच्या आसपास आणि प्रो व्ही१एक्स शंभराच्या जवळ. हे आकडे वेगवेगळ्या यंत्रांवर थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून दोन-चार अंकांच्या फरकावर वेळ घालवू नका.

वरच्या खळग्यांची संख्या साधारण ३०० ते ४०० असते. खळगे नसलेला गुळगुळीत बॉल त्याच फटक्यात जेमतेम निम्मं अंतर जातो, इतकं त्यांचं काम मोठं आहे. पण ३४८ खळगे बरे की ३८८, यावरून बॉल निवडण्यात अर्थ नाही. उड्डाण ठरतं ते खळग्यांची खोली, आकार आणि मांडणी यांवर, आणि ते बाहेरून मोजून कळत नाही.

पायरी १: कोणते बॉल घ्यायचे

चार पुरेत. एक सध्या खेळता तो. दुसरा घट्ट गाभ्याचा युरेथेन कव्हरचा, उदाहरणार्थ प्रो व्ही१एक्स किंवा स्रिक्सनचा झी-स्टार एक्सव्ही. तिसरा थोडा मऊ गाभ्याचा पण युरेथेनच, जसा कॅलवेचा क्रोम सॉफ्ट. चौथा मऊ टू-पीस, जसा सुपरसॉफ्ट किंवा स्रिक्सनचा सॉफ्ट फील. अख्खे डझन घेऊ नका. तीन बॉलची छोटी पाकिटं मिळतात, नाही तर चौघांनी मिळून एकेक डझन वाटून घ्यावं.

सगळे बॉल नवेच हवेत. पाण्यातून काढलेले किंवा पुन्हा रंग देऊन चकाचक केलेले बॉल सरावाला ठीक, तुलनेला नाहीत. रंगाचा थर खळग्यांत बसतो आणि उड्डाण बदलतं. सरावाच्या रेंजवरच्या बॉलवरून तर कुठलाच निष्कर्ष काढू नये. ते टिकण्यासाठी बनवलेले असतात आणि प्रत्येकाचं आयुष्य वेगळं झालेलं असतं.

पायरी २: गुजरीत वजन, उद्यमनगरात माप

या पायरीला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. नियमाप्रमाणे बॉलचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर ग्रॅमचा दशांशही धड कळत नाही. गुजरीतल्या सराफाचा काटा मात्र मिलिग्रॅमपर्यंत बोलतो. ओळखीच्या पेढीवर दुपारच्या निवांत वेळी जा, बॉल स्वच्छ पुसून न्या आणि प्रत्येकाचं वजन वहीत लिहा. एकाच पाकिटातल्या तीन बॉलमध्ये किती फरक आहे हे बघणं हा इथला हेतू. फरक जितका कमी, तितकं त्या कारखान्याचं काम नेटकं.

व्यासासाठी शिवाजी उद्यमनगरातल्या टर्नरकडून एका पत्र्याच्या किंवा पितळी पट्टीच्या तुकड्यात ४२.६७ मिलिमीटरचं गोल भोक करून घ्या. इंजिनाचे भाग करणाऱ्या माणसाला हे काम नवं नाही, फक्त माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत हवंय हे आधी सांगा. नियमातली चाचणीही अशाच कड्याने होते: २३ अंश सेल्सियसला बॉल शंभर वेगवेगळ्या बाजूंनी कड्यावर ठेवायचा, आणि तो स्वतःच्या वजनाने २५ पेक्षा कमी वेळा खाली पडला पाहिजे. तुम्ही दहा-बारा बाजूंनी ठेवून बघितलं तरी बॉल गोल आहे की एका बाजूने चपटलाय, याचा अंदाज येतो.

तिसरी तपासणी घरी. बॉलची घनता पाण्यापेक्षा जास्त, साधारण १.१३ असते, त्यामुळे तो साध्या पाण्यात बुडतो. एक लिटर पाण्यात २५० ते ३०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलं की तो तरंगू लागतो. तरंगणाऱ्या बॉलच्या वर आलेल्या बिंदूवर मार्करने ठिपका द्या, बोटाने बॉल फिरवा आणि सोडा. दर वेळी तोच ठिपका पटकन वर येत असेल तर बॉलचा तोल एका बाजूला आहे. असा बॉल पटिंगला रेषा सोडतो. ठिपका कुठेही थांबत असेल तर उत्तम. नंतर बॉल गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका.

शहाबादी फरशीवर बॉल टाकून कोणता जास्त उसळतो ते बघायची अनेकांना सवय असते. त्यातून ड्रायव्हरखाली बॉल कसा वागेल हे कळत नाही. फरशीवर बॉल ताशी १५–२० किलोमीटरने आपटतो, ड्रायव्हरचं डोकं त्याला ताशी दीडशेने भेटतं. दोन्ही वेळी गाभा वेगळा दबतो.

पायरी ३: जागा, वेळ आणि नाव झाकणं

रंकाळ्याचा काठ किंवा पेठेतल्या पोरांचं फुटबॉलचं मैदान ही यासाठीची जागा नव्हे. गोल्फ बॉल डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला किंवा कागलकडे ओळखीच्या कुणाचा मोकळा माळ असेल तर मालकाची परवानगी घ्या. समोर किमान अडीचशे मीटर आणि दोन्ही अंगांना ऐसपैस जागा हवी, गुराखी आणि जनावरं नकोत. ऊस तुटलेल्या फडात बॉल खोडक्यांत हरवतात आणि उसळीही भलतीकडे जाते, ते टाळा.

वेळ फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या सकाळची घ्यावी. वारा पडलेला असतो आणि उन्हं चढलेली नसतात. थंडीत दव वाळेपर्यंत थांबा, कारण ओलं गवत क्लब आणि बॉलच्या मध्ये आलं की स्पिन घसरतो आणि चार बॉल एकसारखेच वाटू लागतात. सगळ्या बॉलची तुलना एकाच सकाळी, एकाच तासा-दोन तासांत उरकावी. गार हवेत बॉल कमी जातो, तापलेल्या हवेत जास्त. डिसेंबरचा एक बॉल आणि मेचा दुसरा अशी तुलना हवामानाची होते, बॉलची नाही. बॉल गाडीच्या डिकीत उन्हात तापू देऊ नका, रात्रभर घरात एकत्र ठेवा.

उंचीचा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, पुणेही जवळपास तितक्याच उंचीवर. म्हणजे इथे मोजलेलं अंतर तिथे तसंच चालतं. गोव्याला किनाऱ्यालगत खेळायला गेलात तर हवा दाट असते, तिथे २०० यार्डांच्या फटक्याला चारेक यार्ड कमी धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव दिसलं की मन निकाल देऊन मोकळं होतं. म्हणून कायमच्या शाईच्या मार्करने प्रत्येक बॉलवर छोटी खूण करा: एक ठिपका, दोन ठिपके, फुली, आडवी रेघ. कुठली खूण कुठल्या बॉलची हे मित्राने वहीच्या शेवटच्या पानावर लिहावं आणि ते पान दुमडून ठेवावं. बॉल मांडतानाही त्यानेच मांडायचा, छापील नाव आणि खूण खाली करून. तुम्ही फक्त फटका मारायचा आणि काय जाणवलं ते बोलायचं.

क्रमही ठरवून ठेवा. आधी पहिल्या बॉलचे सगळे फटके, मग दुसऱ्याचे, असं केलं तर शेवटच्या बॉलच्या वाट्याला दमलेले हात येतात. फेरी एकदा सरळ, एकदा उलटी घ्या: एक-दोन-तीन-चार, मग चार-तीन-दोन-एक. प्रत्येक क्लबला प्रत्येक बॉलचे आठ फटके जमले तर छान.

पायरी ४: फील, कान उघडे आणि कान बंद

फील म्हणजे नेमकं काय, यावर गोल्फरांत वाद घातले जातात. क्लबचं डोकं बॉलला भिडून राहतं ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरतं. हाताला जे कळतं ते बॉल निघून गेल्यानंतर शाफ्टमधून (क्लबच्या दांड्यातून) आलेलं कंपन असतं, आणि त्याच क्षणी कानावर आलेला आवाज मेंदू त्यात मिसळतो. आपण ‘मऊ’ म्हणतो त्यातला मोठा वाटा दबक्या, खालच्या पट्टीतल्या आवाजाचा असतो.

त्यामुळे फीलची चाचणी दोनदा करा. आधी नेहमीसारखी. पटरने तीन मीटर आणि दहा मीटरचे पट, घरातल्या घट्ट विणीच्या गालिच्यावर चालतील. प्रत्येक पटनंतर मित्राला एक ते पाच गुण सांगा, एक म्हणजे फार टणक, पाच म्हणजे फार मऊ. मग कानात कापसाचे बोळे घाला, वर हेडफोन लावा, आणि तेच पुन्हा. पुष्कळांना दिसेल की उघड्या कानांनी जाणवलेला फरक बंद कानांनी कमी होतो.

याचा अर्थ फील खोटा आहे असा नाही. आवाज हीसुद्धा खरी माहिती आहे, लांब पटचा वेग ठरवताना आपण त्यावर नकळत विसंबतो. पण मग प्रश्न ‘कोणता मऊ’ असा राहत नाही. दहा मीटरवरून कोणत्या बॉलने माझे पट होलच्या जास्त जवळ थांबतात, हा प्रश्न उरतो. तेव्हा गुणांशेजारी प्रत्येक पट किती आखूड किंवा किती पुढे गेला ते फुटपट्टीने मोजून लिहा. काही जणांना टणक बॉलवर वेग जास्त नेमका साधतो. अशा माणसाने मऊपणाच्या मागे लागायचं काहीच कारण नाही.

पटरचा चेहरा (बॉलला भिडणारी बाजू) आणि बॉल यांची जोडीही बघावी लागते. चेहऱ्यात मऊ प्लास्टिकचा तुकडा बसवलेला पटर असेल तर अगदी मऊ बॉल मेल्यासारखा वाटतो, तिथे घट्ट बॉल बरा. चेहरा सरळ पोलादाचा असेल तर उलट.

पायरी ५: सुतळीखालून चिप

या लेखातली सगळ्यात उपयोगी पायरी हीच. दोन बांबू अंदाजे दोन मीटर अंतराने रोवा आणि त्यांना आडवी सुतळी बांधा. सुतळीच्या तीन-चार पावलं मागून सँड वेजने २० यार्डांची चिप मारायची आहे. आधी तुमच्या सध्याच्या बॉलने काही चिप मारा आणि निम्मे बॉल वरून, निम्मे खालून जातील अशी सुतळीची उंची ठरवा. मग चारही बॉल फेरीने मारा. मित्राने दर फटक्याला दोनच गोष्टी लिहायच्या: सुतळीच्या वरून की खालून, आणि पडल्यापासून किती पावलं पुढे गेला.

खाच धरणारं कव्हर क्लबच्या चेहऱ्यावर टिकून राहतं, म्हणून बॉल खालच्या रेषेत निघतो, जास्त फिरतो, आणि दुसऱ्या टप्प्याला लगाम लागल्यासारखा अडतो. घसरणारं कव्हर चेहऱ्यावरून वर सरकतं. बॉल उंच निघतो, कमी फिरतो आणि पडल्यावर धावतो. बघणाऱ्याला वाटतं, उंच गेला म्हणजे लवकर थांबेल, पण छोट्या चिपला नेमकं उलट होतं. युरेथेनचे बॉल बहुतेक वेळा सुतळीखालून जातात, टू-पीस वरून. वही उघडायच्या आधीच कुठला बॉल कुठल्या जातीचा हे तुम्हाला सांगता येऊ लागेल.

इथे तीन पथ्यं. दर फटक्यानंतर वेजच्या खाचा ओल्या फडक्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा, मग कोरड्या करा. खाचेत माती असेल तर युरेथेनही घसरतं. दुसरं, बॉल चेहऱ्यावर कुठे लागला हे पाहायला लोक पावडर मारतात, ती स्पिनच्या चाचणीत अजिबात नको, तिने घर्षण मरतं. तिसरं, बॉल जिथे पडणार ती जागा. आपल्या माळावर मुरूम असतो, त्यावर कुठलाच बॉल थांबत नाही आणि युरेथेनच्या कव्हरला चिरा जातात. शक्य असेल तर कापलेल्या लॉनवर पडू द्या. लॉन नसेल तर माळावर जुनी जाड सतरंजी दुहेरी घालून ताणून अंथरा. खऱ्या ग्रीनची सर तिला नाही, पण चारही बॉलना जमीन सारखीच मिळते आणि आपल्याला तेवढंच हवंय.

पावसाळ्यात खेळणार असाल तर ही चाचणी बॉल आणि वेज दोन्ही ओले करून पुन्हा करा. ओल्यात सगळ्यांचाच स्पिन उतरतो, पण सारख्या प्रमाणात नाही. कोरड्यात बरोबरीचे वाटलेले दोन युरेथेन बॉल ओल्यात वेगळे पडताना दिसू शकतात. जून ते सप्टेंबर आपल्या भागात कोरडा दिवस मिळणं अवघडच, तेव्हा ज्याला पावसातही क्लब हातात घ्यायचाच आहे त्याने ही पायरी वगळू नये.

पायरी ६: ४०–५० यार्डांचा पिच

पद्धत तीच, सुतळी काढून टाका. टप्पा कुठे पडला आणि बॉल कुठे थांबला, एवढ्याच दोन जागा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे धाव. अर्ध्या स्विंगच्या या अंतरावर बॉलला पूर्ण वेग नसतो, म्हणून गाभ्याचं काम कमी आणि कव्हरचं जास्त. कव्हरमधला फरक इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. आपल्यासारख्या हौशी खेळाडूंचे जास्तीत जास्त स्ट्रोक याच टापूत वाया जातात असं मला वाटतं, म्हणून मी निर्णयात या पायरीला सर्वांत जास्त वजन देतो.

पायरी ७: सात नंबरचं आयर्न

आता पूर्ण स्विंग. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचं सात नंबरचं आयर्न मिनिटाला साधारण ७,००० फेऱ्यांनी बॉल फिरवतं, वेज ९,००० च्या वर. मागच्या दिशेने फिरणारा बॉल हवेत उचलला जातो, म्हणून आयर्नला पुरेसा स्पिन नसेल तर बॉल खाली राहतो, सपाट उतरतो आणि पळतो.

माळावर तीन गोष्टी टिपा: टप्प्यापर्यंतचं अंतर, उंची आणि धाव. अंतराला लेझर रेंजफाइंडर असेल तर उत्तम, नसेल तर दर दहा मीटरला चुन्याची रेघ मारून घ्या. उंचीचा आकडा लागत नाही. दूरच्या एखाद्या नारळाच्या किंवा विजेच्या खांबाच्या शेंड्याशी तुलना करून ‘वर, बरोबरीने, खाली’ एवढं पुरतं. उंचावरून उभा उतरणारा बॉल स्पिन कमी असला तरी थांबतो, हे इथे ध्यानात येईल. म्हणून आयर्नच्या बाबतीत फक्त स्पिनच्या मागे न जाता उंची आणि धाव यांची जोडी बघावी.

मऊ गाभ्याचे बॉल पूर्ण फटक्यात कमी फिरतात. ज्याचं आयर्न मुळातच फार उंच, फुग्यासारखं जातं त्याला हे फायद्याचं. ज्याचा स्विंग संथ आहे आणि बॉल कमी उंच जातो त्याला तोट्याचं. खोक्यावरचा ‘लो स्पिन’ हा शब्द सगळ्यांसाठी गुण नव्हे.

पायरी ८: ड्रायव्हर

इथे थोडक्यात उरकतो. क्लबचा वेग कमी म्हणजे कमी कॉम्प्रेशनचा बॉलच लांब जाणार, ही समजूत जुनी आणि पसरलेली आहे. घट्ट बॉल साधारणपणे सगळ्याच वेगांना थोडा जास्त बॉल स्पीड देतो. वेग जितका कमी, तितका हा फरक आक्रसत जातो, पण उलटा होत नाही. बॉल स्पीड ताशी एका मैलाने वाढली तर अंतर साधारण २ यार्ड वाढतं, यावरून किती मिळणार आणि किती गमावणार याचा हिशेब मांडता येतो. मऊ बॉलची भरपाई कमी स्पिनने थोडीफार होते, विशेषतः ज्यांचा ड्रायव्हर उजवीकडे वळतो त्यांचं वळण किंचित कमी होतं. किंचितच. वळणाचं मूळ चेहऱ्याच्या आणि स्विंगच्या दिशेत असतं, बॉल ते दुरुस्त करत नाही.

बॉल चेहऱ्याच्या मधोमध लागला का हे पाहण्यासाठी बॉलवर पांढऱ्या फळ्याच्या मार्करचा ठिपका द्या, चेहऱ्यावर ठसा उमटतो. मधोमध न लागलेला फटका वहीतून काटा, मग तो कुठल्याही बॉलचा असो. काटायचा की ठेवायचा हे बॉल कुठे पडला ते बघायच्या आधी ठरवा, नाही तर मन आवडत्या बॉलला झुकतं माप देतं.

कुणाकडे छोटा घरगुती लॉन्च मॉनिटर असेल तर वापरा, पण स्पिनच्या आकड्याबाबत सावध राहा. कमी किमतीची कित्येक यंत्रं स्पिन थेट मोजत नाहीत, इतर मापांवरून अंदाज बांधतात, आणि काहींना खास खुणांचे बॉल लागतात. जे यंत्र स्पिन हिशेबाने काढतं, त्याला युरेथेन आणि आयोनोमर यांतला फरक कळणारच नाही. तिथे सुतळी आणि सतरंजी जास्त खरं बोलतात. बॉल स्पीडचा आकडा मात्र बऱ्यापैकी भरवशाचा धरावा.

पायरी ९: वहीतून निर्णय

आठ आकड्यांची सरासरी काढू नका. एखादा फसलेला फटका सरासरी ओढून नेतो. आठही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा, वरचे दोन आणि खालचे दोन बाजूला ठेवा, मधले चार बघा. समजा एका बॉलचे मधले चार आकडे १३८ ते १४४ यार्ड आहेत आणि दुसऱ्याचे १४० ते १४७. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढले आहेत, म्हणजे तुमच्या हातात हे दोन बॉल अंतराला सारखे, विषय संपला. एकाची पिचवरची धाव ३ ते ५ पावलं आणि दुसऱ्याची ८ ते ११ असेल तर पट्टे कुठेच भेटत नाहीत, तो फरक खरा.

असं केलं की बहुतेकांच्या वहीत एकच चित्र दिसतं. ड्रायव्हर आणि आयर्नच्या पानांवर पट्टे चढलेले, चिप आणि पिचच्या पानांवर वेगळे. मग निर्णय सोपा होतो. पिच-चिपच्या पानावरून दोन बॉल निवडा, त्यांतून फीलच्या पानावरचे पट ज्याचे जवळ थांबले तो घ्या. ड्रायव्हरचं पान तेव्हाच उघडायचं जेव्हा एखादा बॉल तिथे उघडउघड मागे पडला असेल.

यानंतरच दुमडलेलं पान उघडा.

किमतीचाही विचार व्हायला हवा. युरेथेन बॉल टू-पीसच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जातो. एका राउंडमध्ये चार-पाच बॉल झाडीत किंवा पाण्यात जाणार असतील तर आधी टू-पीस खेळा, त्यातला सगळ्यात जास्त अडणारा निवडा. बॉल हरवण्याच्या भीतीने फटका आखडता येत असेल तर कुठलाही स्पिन कामाला येत नाही. मधला मार्गही आहे: कमी किमतीचे युरेथेन कव्हरचे बॉल आता बऱ्याच कंपन्या करतात, ते या चाचणीत जरूर बसवून बघा.

पायरी १०: कोर्सवर खात्री

माळावर निवडलेला बॉल पुण्याला नऊ होल खेळून बघा, पुढचे नऊ दुसऱ्या क्रमांकाचा. क्लबच्या साध्या खेळात एक होल संपवून दुसऱ्या होलला वेगळा बॉल घ्यायला नियमाची हरकत नसते. मात्र स्पर्धेत एकच मॉडेल वापरण्याचा स्थानिक नियम लावलेला असू शकतो, आधी विचारून घ्या. होल चालू असताना ग्रीनजवळ मऊ बॉल आणि टीवर (होलच्या पहिल्या फटक्याला) लांबचा, अशी अदलाबदल चालत नाही. बॉल मुद्दाम तापवून खेळणंही नियमाबाहेर आहे.

खऱ्या ग्रीनवर एकच गोष्ट बघा: बॉलच्या टप्प्याची खूण आणि बॉल यांच्यातलं अंतर. सतरंजीवर दिसलेला क्रम इथे तसाच राहिला की काम झालं.

निवडलेल्या बॉलचं डझन घेतलं की त्यातले दोन तारीख घालून कपाटात ठेवा. प्रो व्ही१ सारखी मॉडेलं साधारण दर दोन वर्षांनी बदलतात, नाव तेच राहतं आणि आतलं बदलतं. नवी आवृत्ती आली की कपाटातला जुना बॉल आणि नवा बॉल घेऊन फक्त पायरी ५ आणि ६ पुन्हा करा, एका सकाळीत होतात. खेळातल्या बॉलवर वेजच्या खाचांनी कव्हर खरवडून बोटाला खरखर लागू लागली, की तो सरावाच्या पिशवीत टाका. त्या अवस्थेत तो सरळही जात नाही आणि लांबही.